मटार सोलता सोलता: मुलांशी बोलणं सुरू कसं करायचं, अगदी पहिल्यापासून

आमच्या घरी रोज संध्याकाळी एक संवाद व्हायचा. मी विचारायचे, "कसा गेला दिवस?" आणि पोरगा बूट काढता काढता म्हणायचा, "ठीक." संपलं. पोरगी तर तेवढंही नाही, ती "मम्मी भूक" म्हणत सरळ डबे उघडायला लागायची. असं दीडेक वर्ष चाललं आणि मला वाटत होतं सगळं छान आहे, मग एक दिवस शेजारच्या काकूंकडून कळलं की पोराची त्याच्या जिगरी दोस्ताशी तीन महिन्यांपूर्वीच कट्टी झालीये आणि तो रिसेसमध्ये एकटा बसतो. तीन महिने! आणि मला काय माहीत होतं, तर त्याने डब्यातली भेंडी परत आणली.

तर हे लिखाण ज्यांना आत्ता कुठे सुरुवात करायचीये त्यांच्यासाठी. मी काउन्सेलर वगैरे नाही, नोकरी करते, मुलगा नववीत, मुलगी तिसरीत, सासूबाई आमच्यासोबत, घर इंदूरला सुदामा नगरात. वाचलं, करून पाहिलं, त्यातलं बरंचसं फसलं, थोडं जमलं, ते ज्या क्रमाने केलं त्याच क्रमाने सांगते. एकदम सगळं करायला जाऊ नका, मुलांना लगेच वास येतो की आई कुठलातरी व्हिडिओ बघून आलीये.

पहिला आठवडा: काहीच बदलू नका, नुसतं मोजा

दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर चार रकाने केले: हुकूम, चौकशी, टोमणा, गप्पा. संध्याकाळी सहा ते नऊ मी मुलांशी जे काय बोलले त्याच्या रेघा मारत गेले. "हात धू", "पंखा बंद कर", "होमवर्क झालं का", "किती मिळाले", "बघ तो वरच्या मजल्यावरचा कसा स्वतः उठतो". पहिल्या दिवशी एकूण ५४ रेघा झाल्या, त्यातल्या गप्पांच्या रकान्यात ३, आणि त्या तीनमधली एक गल्लीतल्या कुत्रीला पिल्लं झाली त्याबद्दलची. नवऱ्याचा हिशोब अजून सोपा, दिवसभरात ११ वाक्यं आणि जवळजवळ सगळी मार्कांच्या खात्यात.

मोजताना चीटिंग करू नका आणि मुलांना सांगूही नका. हुकूम शून्यावर आणायचेत असं काही नाही हं, घर चालवायचं म्हणजे हुकूम असणारच, दात घास हे काही विनंती करून होत नाही. फक्त गप्पांचा रकाना तीनवरून आठ-दहापर्यंत नेता येतो का, एवढंच पुढचं सगळं काम आहे.

मग जागा आणि वेळ बघा

शाळेतून आल्यावर पहिली वीस मिनिटं तोंडाला कुलूप. पाणी, खाणं, बस. मुलं सहा-सात तास शहाण्यासारखी वागून दमलेली असतात, घर ही सैल सोडायची जागा असते आणि आपण नेमके दारातच जबानी घ्यायला उभे राहतो. घरी येऊन क्षुल्लक गोष्टीवरून भांडणारं मूल शाळेत म्हणे एकदम गुणी असतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

दुसरं, समोरासमोर बसवू नका. "ये, बस इथे, तुझ्याशी बोलायचंय" हे वाक्य ऐकून मोठ्या माणसाच्याही पोटात गोळा येतो. शेजारी शेजारी बसा, हात कामात आणि डोळे दुसरीकडे. आमच्याकडे हे मटारने झालं. हिवाळ्यात इंदूरच्या मंडीत मटार इतके स्वस्त होतात की माणूस दोन-तीन किलोच्या खाली आणतच नाही, आणि ते सोलायला मी मुलाला बसवलं, खरंतर मदत म्हणूनच, बोलणं वगैरे डोक्यात पण नव्हतं. दहा मिनिटं गप्प, मग तो आपोआप म्हणाला, "आई, तो ना आता दुसऱ्या ग्रुपमध्ये असतो." मी मान वर केली नाही. मान वर केली असती तर थांबला असता, हे मला आधीच्या चार अनुभवांवरून माहीत होतं. "हं," म्हटलं आणि पुढची शेंग उचलली. मटार संपेपर्यंत तीन महिन्यांतलं निम्मं कळलं.

तसंच स्कूटरवर. मागे बसलेल्याला तुमचा चेहरा दिसत नाही, तुम्हाला त्याचा दिसत नाही, त्यामुळे भंवरकुआंला क्लासला सोडताना जे कानावर पडतं ते घरच्या सोफ्यावर कधी पडलं नसतं. यात एकच घोळ आहे, हेल्मेटमुळे अर्धं ऐकू येत नाही, आणि दोनदा "काय?" विचारलं की तो "काही नाही" म्हणून मिटवून टाकतो. म्हणून मी आता क्लासच्या एक गल्ली आधी गाडी कडेला लावते आणि म्हणते, थांब जरा, पाच मिनिटं आहेत अजून. आणि चालत्या गाडीवर भांडणाचा विषय काढायचाच नाही, हे सांगायला नको.

धाकटीचं वेगळं, तिचं सगळं दिवे मालवल्यावर निघतं. अंधारात तिचं तोंड असं सुटतं की झोपायची वेळ टळून जाते, पण मी आता तेवढी पंधरा मिनिटं धरूनच चालते, म्हणजे दिवे पंधरा मिनिटं आधी बंद.

आणि मोबाईल. १९७० च्या दशकात एड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला होता, आई बाळाशी हसतखेळत असते, मग सांगितल्याप्रमाणे दोनेक मिनिटं चेहरा एकदम कोरा ठेवते, बघते बाळाकडेच पण काही हावभाव नाही. काही महिन्यांचं बाळ, पण ते लगेच हात हलवून, हसून, आवाज काढून आईला परत आणायचा प्रयत्न करतं, आणि नाही जमलं की मान फिरवतं, रडायला लागतं. हे वाचल्यावर मी नवऱ्याचा रात्री मोबाईल बघतानाचा चेहरा बघितला आणि मग, खोटं कशाला बोलू, आरशात माझा. अगदी तस्साच कोरा. आमची मुलं बाळ नाहीत, ती मान फिरवून सरळ स्वतःचा मोबाईल घेतात. आता जेवणाच्या वेळी सगळ्यांचे फोन देवघराशेजारच्या कोनाड्यात, सासूबाईंचा पण, त्यांचं यूट्यूबवरचं कीर्तन अर्धवट राहतं म्हणून त्या अजून नाराज आहेत.

प्रश्न बदला, आणि आधी आपलं सांगा

"कसा गेला दिवस" हा प्रश्न वाईट नाही पण फार मोठा आहे, त्याचं उत्तर मोठ्यांनाही देता येत नाही. छोटं विचारा आणि बिनमार्कांचं विचारा. "आज डब्यात कोणी काय आणलं होतं?" "बसमध्ये खिडकी मिळाली का?" "आज वर्गात सगळ्यात जास्त ओरडा कोणी खाल्ला?" हा शेवटचा प्रश्न माझा हुकमी एक्का आहे, मुलांना दुसऱ्याचा ओरडा सांगायला भारी आवडतं, आणि दुसऱ्याचं सांगता सांगता स्वतःचं कधी येतं ते त्यांनाही कळत नाही.

त्याहून चांगलं म्हणजे प्रश्नच नको, आपलं सांगायचं. मी एकदा जेवताना म्हटलं, "आज मी एका साहेबांना चुकून दुसऱ्याच नावाने हाक मारली, दोनदा, इतकी कानकोंडी झाले की दुपारी चहाला गेलेच नाही." पोरगी खदाखदा हसली आणि मग म्हणाली की ती मॅडमला चुकून 'मम्मी' म्हणाली होती आणि सगळा वर्ग हसला होता. ही गोष्ट तिच्या पोटात दिवाळीच्या सुट्टीपासून होती!

फक्त आपलं सांगताना भान ठेवा. साहेबांचं नाव चुकलं, पोळी करपली, रिक्षावाल्याशी वाद झाला, हे ठीक. घरकर्जाचा हप्ता, नणंदेशी झालेलं, नवऱ्याची तक्रार, हे मुलांच्या खांद्यावर टाकायचं नाही, त्यासाठी आपली बहीण आहे, मैत्रीण आहे.

भाषेचं काय, हा आपल्याकडचा खास प्रश्न

पुण्यामुंबईच्या पालकांना हे तितकं लागू नाही, पण इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्याच्या मराठी घरात हा अडथळा मला सगळ्यात मोठा वाटतो म्हणून जरा सविस्तर लिहिते. होळकरांबरोबर आपली माणसं माळव्यात आली त्याला पावणेतीनशे-तीनशे वर्षं होत आली, आपण घरात मराठी बोलतो याचा अभिमान आहेच, असायलाच हवा. पण पोरांचं जग बघा. दोस्तांशी "क्या रे भिया", शाळेत इंग्लिश, घरात आजीशी मराठी. त्यांचं भांडण हिंदीत झालेलं असतं, अपमान हिंदीत झालेला असतो, रडूही हिंदीतच आलेलं असतं.

एकदा मुलगी हुंदके देत आली, "आजी, उन लोगों ने ना मुझे खिलायाच नहीं..." आणि सासूबाई प्रेमानेच म्हणाल्या, "आधी मराठीत सांग बरं." पोरीने तोंड उघडलं, शब्द जुळवायला लागली, "त्यांनी मला... खेळवलं... खिलवलं..." आणि मग नुसतीच गप्प झाली. सांगायचं राहूनच गेलं. त्या दिवसापासून घरात नियम केला: रडताना आणि चिडताना भाषेची दुरुस्ती बंद. ज्या भाषेत येतंय त्या भाषेत येऊ द्या, आपण उत्तर मराठीत द्या, बस. सासूबाईंना पटायला वेळ लागला, त्यांना वाटलं मी मराठी सोडायला सांगतेय. मी म्हटलं, आई, उलट आहे, जी भाषा दुखल्यावर जवळ घेते तिच्याकडेच मूल परत येतं.

आणि मग शांतपणी, वेगळ्या वेळी, शब्द द्यायचे. कारण मुलांकडे शब्दच दोन-तीन असतात, बोर, गुस्सा, अच्छा, आणि आपल्या मराठीत या बाबतीत नुसती श्रीमंती आहे. बघा: खट्टू होणं, हिरमुसणं, रुसणं, फुगणं, ओशाळणं, वरमणं, धास्ती, हुरहूर, घुसमट, चिडचिड, वैताग, हेवा, चुटपुट, कालवाकालव. यातला प्रत्येक वेगळा आहे! हिरमुसलेल्या मुलाला जवळ घेतलं तर चालतं, फुगलेल्याला घेतलं तर अजून फुगतो, त्याला थोडं एकटं सोडावं लागतं. चुटपुट लागलेल्याला ती गोष्ट दुरुस्त करायची संधी हवी असते. नुसतं 'सॅड' म्हटलं तर यातलं काय करायचं ते कसं कळणार.

लहान मुलांना शब्दाआधी शरीर विचारा, ते सोपं पडतं. पोटात गोळा आला? घशात अडकल्यासारखं? छातीत धडधड? कान गरम झाले? माझी मुलगी बरेच दिवस सोमवारी सकाळी "पोट दुखतंय" म्हणायची, डॉक्टरांनी तपासलं, काही नव्हतं, मग विचारता विचारता निघालं की सोमवारी पहिल्या तासाला पाढे उभं राहून म्हणायला लागतात. पोट खोटं दुखत नव्हतं हं, खरंच दुखत होतं, त्याला नाव फक्त धास्ती असं होतं.

नाव दिल्याने फरक पडतो याला आधारही आहे. २००७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना चिडलेले, घाबरलेले चेहरे दाखवत मेंदूचं स्कॅनिंग केलं होतं. त्या भावनेला शब्द निवडायला सांगितला तेव्हा अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा भाग, त्याची खळबळ कमी झालेली दिसली. आपल्या आज्या "सांगून टाक, मोकळी हो" म्हणायच्या ते काही उगाच नाही.

घरात खेळायचा एक खेळ सांगते. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ रस आहेत, शृंगार, हास्य, करुण, रौद्र, वीर, भयानक, बीभत्स, अद्भुत, आणि शांत हा नववा मागाहून जोडला गेला. शृंगार बाजूला ठेवून बाकीच्या आठ चिठ्ठ्या करा, एकाने चिठ्ठी उचलून तसा चेहरा करायचा, बाकीच्यांनी ओळखायचं, आणि मग ज्याने ओळखलं त्याने आज हा रस आपल्या दिवसात कुठे आला ते सांगायचं. आमच्याकडे बीभत्स सगळ्यात पॉप्युलर आहे कारण शाळेचं टॉयलेट. पण भयानकची चिठ्ठी आली तेव्हा नववीतल्या दाढीमिशा फुटू घातलेल्या मुलाने आपणहून सांगितलं की मॅथ्सच्या टेस्टआधी त्याचे हात गार पडतात. खेळ नसता तर हे त्याने मरेपर्यंत सांगितलं नसतं.

आता ऐकणं, म्हणजे खरी परीक्षा

मूल बोललं की आपण बिघडवतो. आपली ठरलेली वाक्यं आहेत: "त्यात काय एवढं", "आमच्या वेळी तर", "तरी मी सांगत होते", "रडतोस काय मुलींसारखा" (हे शेवटचं तर आजपासून घरातून हद्दपार करा, मुलगा आणि मुलगी दोघांचाही एका वाक्यात अपमान). आणि सगळ्यात सभ्य दिसणारं पण तितकंच घातक, लगेच दिलेला सल्ला.

गणपतीत आमच्या कॉलनीत मुलांचं नाटक बसतं. प्रॅक्टिसवरून मुलगा आला आणि म्हणाला, "मी उद्यापासून नाही जाणार." माझ्या जिभेवर आलंच होतं, "पुन्हा मधेच सोडलंस?" कसंबसं गिळलं.

"नाही जायचं," मी नुसतं तेच परत म्हटलं.

"दादाने माझा रोल दुसऱ्याला दिला."

"अरे. तुझा रोल?"

"हो, आणि सबके सामने. मी पूर्ण पाठ केला होता."

"पाठ केला होतास, मग तर लागलंच असेल."

मग बराच वेळ काही नाही. मी भाजी चिरत राहिले. ही शांतता फार जड जाते, आपल्याला वाटतं काहीतरी बोललं पाहिजे, नका बोलू, मनात वीसपर्यंत मोजा. मोजून होत आलं आणि खरी गोष्ट बाहेर आली, की त्याचा आवाज फुटतोय, डायलॉग म्हणताना मधेच चिरकला, आणि सगळे हसले. रोल जाणं हे वरवरचं होतं, आत हे होतं. मी पहिल्याच वाक्याला भांडायला उभी राहिले असते तर फक्त रोलवरच भांडण झालं असतं.

मग मी विचारलं, "सल्ला देऊ की नुसतं ऐकू?" हे वाक्य पाठ करून ठेवा, याने आमच्या घरातली निम्मी भांडणं वाचलीत. तो म्हणाला, नुसतं ऐक. पंधरा मिनिटांनी स्वतःच म्हणाला की दादाला सांगून म्युझिक सांभाळतो.

जास्त करू नका मात्र. मी उत्साहात मुलीचं प्रत्येक वाक्य परत म्हणायला लागले तेव्हा ती म्हणाली, "मम्मी, तू पोपट का झालीयेस?"

तोल सुटला तर

सुटणारच. महिनाअखेर, बाई आली नाही, गॅस संपला आणि त्यात वहीवर दूध सांडलं. मी ओरडते, अजूनही. मुलं तर सुटतातच, मेंदूचा पुढचा भाग जो स्वतःला आवरायचं काम करतो तो पूर्ण तयार व्हायला विशीचा मध्य उजाडतो, म्हणजे आठ वर्षांच्या पोरीकडून आपण चाळिशीतल्या बाईचा संयम मागत असतो आणि चाळिशीतल्या बाईकडेही तो नसतो.

डोकं तापलेलं असताना समजावणं बंद, दोघांपैकी कुणाचंही डोकं तापलेलं असलं तरी. पाणी प्या, गच्चीवर एक चक्कर मारा, पण जाताना सांगून जा, "मी चिडलेय, दहा मिनिटांनी येते", नाहीतर मुलाला वाटतं आई सोडून गेली. आणि परत आल्यावर माफी, पूर्ण, 'पण' न लावता. "मी ओरडले ते चुकलं" इथे पूर्णविराम. "सॉरी, पण तू पण ना..." ही माफी नाही, ती भांडणाची दुसरी फेरी आहे. दूध सांडलेल्या वहीचं काय करायचं ते वेगळं बोला, संध्याकाळी.

माझ्या वडिलांनी आयुष्यात कधी माझी माफी मागितली नाही. चांगले होते ते, ओरडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गुपचूप पोहे-जिलबी आणायचे, तीच माफी. मला कळायची. पण कळायला बरीच वर्षं लागली, तेवढा वेळ मुलांना कशाला लावायचा.

घरातली बाकीची मंडळी

यात मी जी सगळ्यात मोठी चूक केली ती सांगते. मुलीने अंधारात मला एक गोष्ट सांगितली, ती काय ते इथे लिहीत नाही, आणि दुसऱ्या दिवशी मी ती फोनवर बहिणीला सांगितली, कौतुकानेच, "बघ ना कशी बोलते." पोरगी दारामागे. त्यानंतर पाच-सहा आठवडे दिवे मालवल्यावर फक्त पाठ. फॅमिली ग्रुपवर टाकलं नव्हतं एवढंच नशीब.

म्हणून आता आधी विचारायचं: हे बाबांना सांगू का? आजीला? नाही म्हणाली तर नाही. फक्त एक अपवाद आणि तोही मुलांना आधीच सांगून ठेवलाय, कुणी अंगाला नको तिथे हात लावला, कुणी धमकावलं, किंवा जिवाला धोका असेल तर ते गुपित राहणार नाही, मदत करू शकेल त्या मोठ्या माणसाला मी सांगणारच.

आजी-आजोबांना शिकवायला जाऊ नका, फार तर काम द्या. सासूबाईंना मी सांगितलं की तुम्ही फक्त तुमच्या लहानपणच्या फजितीच्या गोष्टी सांगा. शाळा बुडवून रंगपंचमीच्या आदल्या दिवशी राजवाड्यावर फिरायला गेल्या होत्या आणि मार खाल्ला, ही गोष्ट मुलीने दहादा ऐकलीये. बाबा लोकांचं म्हणाल तर त्यांना 'भावना' हा शब्द ऐकूनच झोप येते, त्यांना एक ठरलेलं काम द्या, आठवड्यातून एकदा एकाच मुलाला घेऊन बाहेर. आमच्याकडे नवरा मुलाला रात्री सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत नेतो, थंडीत गराडू (तळलेला मसालेदार कंद), बाकी वेळ भुट्ट्याचा कीस, दोघं उभ्याने खातात आणि क्रिकेटवर बोलतात. मी विचारत नाही काय बोललात. कधी कधी क्रिकेट संपल्यावर अजून काही बोलत असावेत, कारण घरी उशिरा येतात.

रविवारची वीस मिनिटं

पोहे खाताना, जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) जवळ ठेवून, सगळ्यांनी बसायचं. प्रत्येकाने तीन गोष्टी: या आठवड्यात काय बरं वाटलं, काय खटकलं, पुढच्या आठवड्यात काय हवंय. खटकलेल्यात आई-बाबांबद्दलची तक्रार चालते, आणि त्यावर तिथल्या तिथे सफाई द्यायची नाही, हे फार अवघड आहे. रोजची कामं, मोबाईलची वेळ, पॉकेटमनी हे विषय इथेच. नियम करताना एक तरी कलम मुलांचं असू द्या, आमच्या मुलीच्या कलमानुसार रविवारी कुणी "आज आंघोळ लवकर" म्हणायचं नाही. वीस मिनिटांच्या वर ताणू नका, नाहीतर सोसायटीची मीटिंग होते.

नववीच्या पुढची मुलं

यांचं थोडक्यात. खोलीचं दार वाजवून आत जा. बोलत नसतील तर लिहा, व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी किंवा टेबलावर चिठ्ठी, बरीच मुलं तोंडाने 'ठीक' म्हणतात आणि लिहून मात्र पानभर सांगतात. रात्री उशिरा बोलायला आली तर "ही काय वेळ आहे का" म्हणू नका, त्या वयात झोप निसर्गतःच पुढे सरकते आणि मनही तेव्हाच उघडतं. आणि रिझल्टच्या दिवशी पहिलं वाक्य आदल्या रात्रीच ठरवून ठेवा, दोघांनी मिळून, आयत्या वेळी सुचत नाही. आमचं ठरलेलं वाक्य आहे, "आधी जेवूया." पुढचं सगळं दुसऱ्या दिवशी.

कधी थांबायचं आणि मदत घ्यायची

हे सगळं रोजच्या रुसव्याफुगव्यांसाठी आहे. दोन आठवड्यांहून जास्त मूल उदास किंवा सतत चिडलेलं असेल, झोप-भूक बिघडली, आवडत्या गोष्टी सुटल्या, शाळेचं नाव काढलं की थरथरतं, स्वतःला इजा करत असेल किंवा "मी नसलेलीच बरी" असं काही बोललं, तर गप्पांवर भागवू नका, बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. मरणाचा विचार येतो का असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे, उलट कुणीतरी विचारलं म्हणून मुलं सुटकेचा श्वास टाकतात. आणि असं मूल एकटं सोडू नका. केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, हिंदीत आणि मराठीतही बोलता येतं, आणि पालक म्हणून आपणही फोन करू शकतो. मुलांवर अत्याचार किंवा धोका असेल तर चाइल्डलाइन १०९८, हा नंबर मुलांनाही पाठ करून द्या, पाढ्यांसारखा.

दोन-तीन फुटकळ शंका, ज्या मला सगळे विचारतात

किती दिवसांत फरक पडतो? आमच्याकडे मुलीशी पंधरा दिवसांत, मुलाशी चार महिने, आणि मधे दारामागचा तो प्रकार झाला तेव्हा मुलीचं परत पहिल्यापासून.

मूल म्हणालं "तू आजकाल अशी का बोलतेस?" तर? खरं सांगा, की शिकतेय. माझ्या मुलाने यावर "बरं" म्हटलं आणि निघून गेला, पण दुसऱ्या दिवशी फ्रीजवर चिठ्ठी होती, "चौकशी: १२, आज." त्याला ती दुधाची वही सापडली होती.

आणि मटारचा सीझन संपल्यावर काय? मार्च उजाडला की लसूण आणा, अर्धा किलो, सुट्ट्या पाकळ्यांचा नाही, अख्खे गड्डे. सोलायला मटारपेक्षा जास्त वेळ लागतो.